सोळा आणे खात्री

मराठीत खात्रीला माप आहे. ‘सोळा आणे खरं’ म्हणताना आपण पुरा रुपया मोजून देतो, आणि ‘रुपयात बारा आणे तरी’ म्हणताना चार आण्यांची शंका पदरी राखून ठेवतो. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणा हळूहळू बाजारातून गेला, पण बोलण्यातून गेला नाही. आमच्या नगर जिल्ह्यात तर तो आणखी एका कारणाने टिकला. पिकाची आणेवारी आता कागदोपत्री पैसेवारी झाली, तरी पारावरची माणसं आणेवारीच म्हणतात. पैसेवारी पन्नासच्या आत आली की टंचाईच्या सवलती, वर गेली की काही नाही. त्यामुळे अठ्ठेचाळीस की बावन्न, यावरून गावोगाव वाद होतात. आकडा दिसतो नेमका, पण त्यामागे माणसाचा अंदाज असतो, आणि त्या अंदाजावर कुणाची तरी वसुली थांबते किंवा थांबत नाही.

या लेखाचा विषय अशाच एका आकड्याचा इतिहास आहे. माणसाच्या मनात घट्ट बसलेली समजूत किती घट्ट आहे, हे मोजायचे प्रयत्न गेल्या काही दशकांत मानसरोगतज्ज्ञांनी केले. ते मुख्यतः मंत्रचळाच्या रुग्णांसाठी केले. मंत्रचळ हा आपला जुना शब्द. डॉक्टर मंडळी हल्ली ओसीडी म्हणतात. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप ओढून पाहणं, मोजणं, नको तो विचार मनात आला म्हणून देवाची क्षमा मागत बसणं, हे सगळं त्यात येतं. शब्द फोडला तर मंत्र आणि चळ. जे शुद्धीसाठी जपायचं त्यानेच चळायचं, हे त्यात नकळत सांगितलेलं आहे. ओसीडी या तीन अक्षरांना ते जमत नाही.

मी डॉक्टर नाही. राहुरीत राहून बरीच वर्षं माती आणि पाणी तपासायचं काम केलं. एकाच शेतातली माती दोन प्रयोगशाळांत दिली आणि आकडे वेगळे आले, तर दोष मातीचा नसतो, हे त्या कामात शिकलो. मनाची समजूत तपासणाऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, या उत्सुकतेपोटी वाचायला लागलो आणि वाचता वाचता बारा-तेरा वर्षं गेली.

सुरुवात फ्रान्समधून करावी लागते. एस्किरोल या वैद्याने १८३८च्या आपल्या ग्रंथात एका बाईची हकीकत लिहिली आहे. व्यापारी वातावरणात वाढलेली, वय चौतीस. दुसऱ्याचं काही आपल्याबरोबर चुकून येईल, पैसे परत देताना एखादं नाणं हाताला चिकटून राहील, या भीतीने ती हात चोळत, झटकत राही. विशेष असं की आपली भीती वेडगळ आहे हे तिला पक्कं माहीत होतं. पुढे १८७७ साली बर्लिनच्या वेस्टफालने याच गोष्टीवर व्याख्या उभी केली: विचार डोक्यात घुसतो, हटत नाही, पण तो परका आणि बिनबुडाचा आहे हे रुग्ण जाणतो. जाणतो म्हणून तो वेडा नाही. दारू आणि पाण्यासारखी ही वाटणी सोयीची होती. एकीकडे संभ्रम झालेला वेडा, ज्याला सोळा आणे खात्री. दुसरीकडे मंत्रचळी, ज्याला आपलं खुळ कळतं पण आवरत नाही.

माणसं मात्र या दोन भांड्यांत नीट मावली नाहीत. १८९२मध्ये वेर्निके याने मधल्या जागेला नाव दिलं. वाजवीपेक्षा जास्त मोल चढलेली कल्पना, असा त्या जर्मन शब्दाचा अर्थ. ती परकी वाटत नाही, आपलीच वाटते, आणि तिच्याभोवती आयुष्य फिरायला लागतं. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात कल्पना खोटी आहे असा आरोप नाही. फक्त भाव चढलाय एवढंच आहे. १९३६ साली लंडनच्या ऑब्री लुईसने आणखी एक खुंटी हलवली. रुग्णाला विचार निरर्थक वाटलाच पाहिजे असं नाही. त्याच्याशी आतून झगडा चाललाय का ते पाहा, असं त्याचं म्हणणं.

इथपर्यंत सगळं शब्दांत होतं. आकड्यांची गरज पडली ती उपचारामुळे. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर याने रुग्णांच्या समजुतींशी वाद घालायचं सोडून दिलं. ज्याला हात लावायची भीती, त्याला हात लावायला सांगायचं आणि नंतर धुऊ द्यायचं नाही. भीती चढते, टिकते, मग उतरते, आणि ठरलेलं अरिष्ट येत नाही हे माणूस स्वतः पाहतो. आज ओसीडीवर जी वर्तनोपचाराची पद्धत सर्वत्र वापरतात तिचं मूळ हे. पण ती सगळ्यांना सारखी लागू पडेना. एडना फोआ या संशोधिकेने १९७९मध्ये अपयशांचा हिशेब मांडला, तेव्हा आपली समजूत खरीच आहे असं धरून बसलेल्या रुग्णांची प्रगती कमी दिसली. यश सगळेच छापतात, पण अपयशावर लेख लिहिणारे थोडे. हा लेख नसता तर पुढची मापं कदाचित आणखी उशिरा आली असती.

१९८९ साली येल आणि ब्राऊन या अमेरिकी विद्यापीठांतल्या डॉक्टरांनी आजाराची तीव्रता मोजणारी दहा प्रश्नांची, चाळीस गुणांची पट्टी केली. खात्रीचा प्रश्न तिच्यात होता, पण अकरावा, बेरजेबाहेरचा. १९९४मध्ये अमेरिकी मनोविकारांच्या वर्गीकरणाने ‘आजाराची जाण कमी’ असा शेरा मारायची मुभा दिली. २०१३च्या आवृत्तीत त्याच्या तीन पायऱ्या झाल्या. मधल्या काळात दोन स्वतंत्र मापं आली. जेन आयसन, कॅथरीन फिलिप्स आणि सहकाऱ्यांचं ब्राऊन विद्यापीठाचं माप १९९८चं. फुगेन नेझिरोग्लू आणि सहकाऱ्यांचं अकरा प्रश्नांचं माप १९९९चं.

ब्राऊनचं माप थोडं उलगडून सांगतो. पहिली पायरी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते: रुग्णाने आपली समजूत एका नेमक्या वाक्यात सांगायची. ‘मला घाण सहन होत नाही’ हे चालत नाही. अमुक केलं तर तमुक होईल, असं वाक्य लागतं. मग सहा प्रश्न. या वाक्याची खात्री किती? इतरांना याबद्दल काय वाटतं, असं तुम्हाला वाटतं? त्यांचं मत वेगळं असेल तर ते का? पुरावा दिला तर मत बदलेल का? ही समजूत खोटी ठरवून पाहायचा तुम्ही कधी प्रयत्न करता का? आणि ती मनाच्या आजारातून आली असेल, असं वाटतं का? प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण चोवीस. सातवा प्रश्न आहे, पण तो बेरजेत धरत नाहीत. बेरीज अठरा किंवा जास्त आणि खात्रीच्या प्रश्नाला पूर्ण चार पडले, तर ती समजूत संभ्रमात जमा. पैसेवारीतल्या पन्नाससारखा हा अठरा. दोन परीक्षकांनी एकाच रुग्णाला विचारलं तर आकडे जुळतात का, हेही त्यांनी तपासलं. माझ्यातल्या माती तपासणाऱ्याचं तेवढ्याने समाधान झालं.

हे सहा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला विचारले तर काय होईल? मेलेल्या माणसाला निदान चिकटवण्याच्या मी विरुद्ध आहे. शिवाजीपासून व्हॅन गॉगपर्यंत कुणालाही आजार लावणारे लेख दरसाल येतात. प्रश्न कुठे अडखळतात ते पाहण्यासाठी मात्र एक माणूस समोर घेतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना त्यांचे वडील आठवतील. नाशिकजवळच्या जलालपूरचं गोखल्यांचं घर. १८५७च्या धामधुमीत कुटुंबातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचं सोवळं हाताबाहेर गेलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे, आणि त्यातून मीठ-साखरही सुटत नसे. मीठ धुतलं की उरतं काय, हे घरातल्या बायकांनी पाहायचं. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात, म्हणून आपण हसतो. आईच्या वाट्याला काय आलं असेल ते दुसऱ्या वाचनात जाणवतं.

आता विचारा प्रश्न. खात्री? सोळा आणे असावी. इतरांना काय वाटतं? इथे पट्टी अडखळते. बाजारातल्या वस्तूला विटाळ असतो, हे त्या काळच्या ब्राह्मणवाड्यात सगळेच मानत. म्हणजे ‘इतरांनाही तसंच वाटतं’ हे उत्तर त्या माणसाच्या तोंडी खोटं ठरत नाही. पुरावा? विटाळ दिसत नाही, तर तो गेल्याचा पुरावा कुठून आणायचा? आणि मनाच्या आजारातून आली असेल का, हा सहावा प्रश्न तर त्याला समजलाही नसता. बेरीज भराभर अठराच्या पुढे जाईल. पण त्याच मापाने आळीतला प्रत्येक सोवळा गृहस्थ अठराच्या आसपास पोहोचेल, आणि त्यातला एकही मीठ धूत नव्हता.

हा फरक शोधण्यासाठी मी धर्मशास्त्र वाचायला घेतलं. पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांच्या खेपा, आणि संस्कृत शाळेपुरतं, तेव्हा पां. वा. काण्यांचं बोट धरूनच चाललो. अपेक्षा अशी होती की सगळं खूळ इथूनच निघालं असेल. निघालं उलटंच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शौचाला किती वेळा माती लावायची याचे आकडे आहेत: एक, तीन, दहा, सात. ब्रह्मचाऱ्याला दुप्पट, वानप्रस्थाला तिप्पट, यतीला चौपट. आकडे हास्यास्पद वाटोत, पण आकडा आहे म्हणजे शेवट आहे. तिथेच असंही सांगितलंय की वास आणि लेप जाईपर्यंतच माती-पाणी वापरावं. आणि सर्वांत चकित करणारी गोष्ट म्हणजे, जिचा विटाळ झालेला कुणी पाहिला नाही ती वस्तू शुद्ध धरावी, पाण्याने धुतलेली शुद्ध धरावी, आणि शुद्ध म्हणून तोंडाने सांगितलेलीही शुद्ध धरावी, असा निर्वाळा आहे. पाहिलं नाही तर शुद्ध! मंत्रचळी माणसाला नेमकं हेच जमत नाही. त्याला न पाहिलेलंच छळतं. १७९०च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला, तोही कुठे काय आणि किती करावं हे ठरवून देणारा ग्रंथ आहे. शास्त्र जाच करतं, पण थांबायला सांगतं. लक्ष्मीबाईंचे वडील शास्त्र पाळत होते असं म्हणण्यापेक्षा, शास्त्राने आखलेली थांबायची रेघ त्यांना दिसेनाशी झाली होती, असं मी म्हणेन.

आपल्या देशात डॉक्टरांनी या प्रश्नाला हात घातला तो कोलकात्यात. अजिता चक्रवर्ती आणि गौतम बॅनर्जी यांनी १९७५ साली ‘शुचिबाई’ या बंगाली प्रकारावर लेख लिहिला. शुद्धीच्या वेडाने पछाडलेल्या, बहुतांशी विधवा बाया. अंघोळी, धुणं, रस्त्यात घाण चुकवत उड्या मारत चालणं. घरात त्यांना आजारी म्हणत नसत, शुचिबाई म्हणत. नाव मिळालं की औषध मिळत नाही, हे आपल्याकडच्या ‘फार सोवळ्या हो’ या शेऱ्याबद्दलही खरं आहे.

इथे सोवळ्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख लबाड होईल. १९२७च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. नंतर सवर्णांनी त्या तळ्याची शुद्धी केली: शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या एकशे आठ घागरी पाण्यात ओतून. मोजलेल्या घागरी, न दिसणारा विटाळ, मंत्र. एखाद्या एकट्या माणसाने हे केलं असतं तर त्याला दवाखान्यात नेलं असतं. सगळ्यांनी मिळून केलं, तेव्हा त्याला विधी म्हणाले. अशी समजूत मोजायला कुठल्याच मनोविकारतज्ज्ञाची पट्टी चालत नाही, आणि चालवूही नये. तो आजार नव्हता, अन्याय होता, आणि आजार म्हटलं की करणाऱ्याला सूट मिळते.

खात्री आणि आजार यांचा संबंध किती तिरपा आहे हे पाहायला राहुरीहून फार लांब जावं लागत नाही. शनिशिंगणापूर आमच्या शेजारच्या नेवासे तालुक्यात. घरांना दारं-कुलपं नाहीत, चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेईल, ही तिथली समजूत. २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांत केवढं कौतुक झालं. ज्याची खात्री सोळा आणे, तो तिथे रात्री निवांत झोपतो. आणि राहुरीतला एखादा माणूस पाच वेळा जिना चढून कुलूप ओढून बघतो. त्याला विचारा, ते उघडं असेल याची खात्री किती, तर म्हणेल रुपयात दोन आणेसुद्धा नाही. तरी चढतो. दोघांत आजारी दुसरा. म्हणजे खात्रीचा आकडा एकटा काही सांगत नाही. कुलूपवाल्याला उपचार लागू पडायची शक्यता जास्त, एवढंच सांगतो. हा आकडा कामाचा आहे तो तेवढ्यासाठीच.

माझ्या नात्यातल्या एका काकूंना काही वर्षांपूर्वी तज्ज्ञाकडे न्यायची वेळ आली, तेव्हा मी बरोबर होतो. हातांची सालं निघत होती, आणि घरात वीस वर्षं त्याला देवभोळेपणा म्हणत होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी वाक्य काढून घेतलं, ते असं: बाहेरून आलेल्या चपलेचा पाण्याचा थेंब अंगाला लागला आणि तशीच मी देवाजवळ गेले, तर या घरात कुणीतरी जाईल. खात्री किती टक्के, या प्रश्नावर काकू गप्प. टक्के त्यांच्या जगात बँकेत असतात. त्यांची मुलगी म्हणाली, ‘‘आई, रुपयात किती आणे ते सांग ना.’’ तेव्हा लगेच उत्तर आलं, ‘‘इथे बसून चार आणे. घरी मोरीपाशी गेले की सोळा.’’

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. पट्टीत गेल्या आठवड्याची सरासरी मागतात. चार आणि सोळाची सरासरी दहा, आणि दहा आणे काकूंना कधीच वाटलेले नव्हते. पुढचा प्रश्न, इतरांना काय वाटतं? काकू म्हणाल्या, ‘‘सासूबाईसुद्धा असंच मानायच्या. सगळेच मानतात.’’ नियमाने इथे गुण देणं अवघड होतं. डॉक्टर क्षणभर थांबले आणि पट्टीत नसलेला प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या सासूबाई किती वेळा हात धुवायच्या हो?’’

‘‘एकदा.’’

‘‘मग त्यांच्या घरी कुणी गेलं?’’

काकूंनी उत्तर दिलं नाही. पण उपचार तिथून सुरू झाला. देव, सोवळं, काही सोडायला सांगितलं नाही. सासूबाईंएवढंच धुवायचं, एकदा, आणि मग भीती चढली तरी मोरीकडे जायचं नाही. सोबत गोळ्या होत्या. डॉक्टर दर खेपेला आणे विचारत, मोरीपाशीचे. सोळाचे चौदा व्हायला दोन महिने लागले. तिथून उतार जरा वेगाने झाला. आज पाच-सहा आण्यांवर आहेत, आणि त्यांना स्वयंपाकघरात अर्ध्या तासात चहा करता येतो. पूर्वी सकाळ जायची.

मापं करणाऱ्यांवर टीका करणं सोपं आहे. पण त्यांनी ‘इतरांना काय वाटतं’ हा प्रश्न घातला नसता, तर सासूबाई त्या खोलीत आल्याच नसत्या. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे हा प्रश्न विचारताना ‘इतर काय मानतात’ याच्या जोडीला ‘इतर कुठे थांबतात’ हेही विचारावं. समजूत वाटून घेतलेली असते. थांबणं वाटून घेतलेलं असलं तर माणूस सावरतो.

लक्ष्मीबाईंकडे परत जायचं ते एका वेगळ्या कारणासाठी. त्या स्वतःही सोवळ्यात वाढल्या. नवऱ्याने, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा त्या हादरल्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, एकत्र आल्या तरी आपलं खाणंपिणं आणि सोवळं वेगळं ठेवलं. ही समजूत वडिलांकडून आलेली, आणि घट्ट. नगर जिल्ह्यात राहत असतानाच्या वर्षांत ती सैल झाली. टिळकांचा मुक्काम काही काळ आमच्या राहुरीतही होता. अमेरिकन मराठी मिशनचं इथे ठाणं होतं. जातिभेद माणसाने केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, त्याच्याशी झगडल्या, आणि बाप्तिस्मा घेण्याआधीच इतरांच्या हातचं अन्नपाणी घेऊ लागल्या. ब्राऊनच्या पट्टीतला पाचवा प्रश्न, समजूत खोटी ठरवून पाहायचा तुम्ही कधी प्रयत्न करता का, त्याला बापाचं उत्तर शून्य प्रयत्न, आणि मुलीचं उत्तर तिने स्वतः लिहून ठेवलेलं. एकाच घरातलं सोवळं, एकाच्या मनात दगड झालेलं, दुसरीच्या मनात विरघळलेलं. मिशनच्या जुन्या जागेवरून जाताना मी मुलांना सांगतो, मीठ धुणाऱ्या माणसाची मुलगी इथे राहून गेली. मुलं विचारतात, मीठ कसं धुतात?